शंका आणि खबर



२०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या एका शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर शाळेच्याच स्वच्छतागृहात अत्याचार झाल्याचे उघड झाले. आरोपी शाळेतला कंत्राटी सफाई कामगार होता. प्रकार १२ आणि १३ तारखेचा, गुन्हा नोंदला गेला १६ च्या रात्री, अटक १७ ला आणि २० तारखेला हजारो माणसे रेल्वेच्या रुळांवर उतरली. पुढे २३ सप्टेंबरला तो आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. मग सगळी चर्चा त्या गोळीभोवती फिरत राहिली. लोकांच्या आठवणीत आज आहेत ते रुळांवरचा जमाव आणि ती गोळी. मला मात्र त्या प्रकरणातल्या एका कमी चर्चिल्या गेलेल्या गोष्टीवर बोलायचे आहे. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा सुरुवातीलाच एक प्रश्न विचारला गेला : शाळेला प्रकार समजला असताना तिने पोलिसांना कळवले का नाही, आणि कळवले नाही तर तिच्यावर गुन्हा का नाही? त्यानंतर मुख्याध्यापिका आणि संस्थेचे पदाधिकारी यांच्यावर खबर न दिल्याबद्दल गुन्हा दाखल झाला. आरोप खरे की खोटे हे न्यायालय ठरवील. पण मुलाबद्दल शाळेला काही कळते त्या घटकेपासून ते पोलिसांच्या वहीत उतरते तोवर मधल्या काळात शाळा काय करते, हा प्रश्न एका गावापुरता नाही. तो आपल्या प्रत्येक शाळेचा आहे.

मधल्या काळात शाळा बहुधा चौकशी करते, आणि नेमके तेच तिने करायचे नसते. शाळेने शंका लक्षात घ्यायची, लिहायची आणि त्याच दिवशी कळवायची. खरे-खोटे करणे तिचे काम नाही. आजच्या व्याख्यानात मला एवढेच मांडायचे आहे. ऐकायला हे साधे वाटते. पण आपल्या शाळांची सगळी घडण याच्या उलट दिशेने झालेली आहे.

आधी कायदा पाहू, कारण त्याबद्दल स्टाफरूममध्ये बरेच गैरसमज असतात. आपण ज्याला पॉक्सो म्हणतो तो लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून, म्हणजे बालदिनापासून, लागू आहे. त्याच्या १९ व्या कलमात ‘कोणतीही व्यक्ती’ असे शब्द आहेत. त्यात शिक्षक आले, शिपाई आले, बालवाडीतल्या मावशी आल्या, रिक्षावाले काका आले आणि खिचडी शिजवणारी बाईसुद्धा आली. अपराध घडल्याची माहिती असेल, किंवा घडण्याची आशंका असेल, तर या व्यक्तीने कळवायचे आहे; आणि कळवायचे आहे विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना. मुख्याध्यापकांचे नाव त्या कलमात नाही. संस्थेच्या सचिवांचे नाही, केंद्रप्रमुखांचे नाही, गटशिक्षणाधिकाऱ्यांचेही नाही. बदलापूरनंतर शालेय शिक्षण विभागाने काढलेल्या निर्णयात असा प्रकार चोवीस तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवावा असे म्हटले आहे. ते योग्यच आहे, पण ते पोलिसांना कळवण्याखेरीज करायचे आहे, त्याऐवजी नव्हे. पुष्कळ शाळांनी मात्र त्याचा अर्थ खात्याला पत्र गेले की आपण सुटलो, असा लावून घेतलेला दिसतो. २१ व्या कलमानुसार खबर न देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकते. आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा अपराध कळवला नाही तर कैद वर्षापर्यंत जाते.

आता शाळेत प्रत्यक्ष काय होते ते पाहा. तिसरीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत वर्गशिक्षिकेला काहीतरी अर्धवट सांगते. बाई पर्यवेक्षकांना सांगतात, पर्यवेक्षक मुख्याध्यापकांना, मुख्याध्यापक सचिवांना फोन करतात, सचिव म्हणतात अध्यक्ष बाहेरगावी आहेत, सोमवारी बसू. पायरी चढत जाईल तशी शंका पातळ होत जाते. मुलगी म्हणाली होती, ‘ते सर मला मांडीवर बसवतात आणि सोडत नाहीत.’ पर्यवेक्षकांपर्यंत ते ‘सर लाड करतात, तिला आवडत नाही’ असे पोचते आणि अध्यक्षांच्या कानी जाते ते ‘पालकांची काहीतरी कुरबूर आहे’ म्हणून. कोणी मुद्दाम खोटे बोललेले नसते. प्रत्येकाने ऐकलेले थोडे सौम्य करून वर पाठवलेले असते, कारण वाईट बातमी वरच्याला सांगताना आपण सगळेच तसे करतो. १९ व्या कलमाने ‘कोणतीही व्यक्ती’ म्हटले ते मला वाटते याच कारणाने. ज्याने मुलाचे शब्द स्वतः ऐकले, त्याच्याकडून ते थेट पोलिसांकडे जावेत आणि मधल्या पायऱ्या गळाव्यात, ही त्यामागची योजना आहे.

आणि सोमवारी बैठक होते तेव्हा काय घडते? मुलीला मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावतात. टेबलापलीकडे पाच-सहा मोठी माणसे बसलेली असतात. ‘घाबरू नकोस, खरं खरं सांग’ म्हणतात आणि तेच पुन्हा पुन्हा विचारतात. कधी त्या सरांनाही आत बोलावतात, ‘समोरासमोर होऊन जाऊ दे’ म्हणून. ज्या कायद्याखाली हे प्रकरण पुढे चालायचे असते त्याच्याशी हे ताडून पाहा. पॉक्सोप्रमाणे मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि तोही गणवेश न घालता. न्यायालयात साक्ष देताना आरोपी मुलाच्या नजरेस पडणार नाही अशी व्यवस्था करावी लागते. मुलाला पुन्हा पुन्हा साक्षीला बोलावू नये आणि त्याच्यावर प्रश्नांचा भडिमार होऊ देऊ नये, याची जबाबदारी विशेष न्यायालयावर टाकलेली आहे. न्यायाधीशाला जे करू द्यायला कायद्याची बंदी आहे, ते सगळे सोमवारी सकाळी चहाचे कप मांडलेल्या त्या टेबलापाशी होऊन जाते. मग तीन महिन्यांनी बचावाचा वकील विचारतो, तू शाळेत पहिल्यांदा वेगळे सांगितले होतेस ना? आणि मुलीचे म्हणणे डळमळते. लहान मूल मोठ्यांच्या चेहऱ्याकडे पाहून उत्तर बदलते हे कोणत्याही प्राथमिक शिक्षकाला ठाऊक असते; बेरीज करतानासुद्धा ते आधी बाईंच्या भुवया पाहते. शाळेच्या चौकशीमुळे सत्य समोर येत नाही. ते नासते.

यात आणखी एक गोंधळ मिसळतो. नोकरीच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे आणि त्याखाली अंतर्गत समिती असते. पुष्कळ शाळा विद्यार्थिनीची तक्रारही याच समितीकडे, नाहीतर सखी सावित्री समितीकडे सोपवतात आणि अहवाल मागवतात. सखी सावित्री समिती २०२२ च्या शासननिर्णयाने आली. मुलींची पटनोंदणी, उपस्थिती, सुरक्षित वातावरण, बालविवाह रोखणे अशी कामे तिच्याकडे आहेत आणि ती महत्त्वाची आहेत. पण अपराध घडला की नाही हे ठरवण्याचा अधिकार तिला नाही. खबर देण्याच्या कर्तव्याला समितीच्या ठरावाची अट कुठेही घातलेली नाही.

उशिराने काय बिघडते, हे महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा येथे एका शाळेच्या वसतिगृहात अल्पवयीन आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. तपासात पीडित मुलींची संख्या सतरा निघाली. मुलींना ज्या डॉक्टरांकडे उपचारासाठी नेत असत, त्यांना प्रकार कळूनही त्यांनी खबर दिली नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये डॉक्टरांविरुद्धचा गुन्हा रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरवला. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे : अशा अपराधात वैद्यकीय पुराव्याला फार मोल आहे आणि तो टिकत नाही, म्हणून तातडीने खबर देणे हा या कायद्याचा कणा आहे, आणि माहीत असून गप्प राहणे हा स्वतंत्र, गंभीर गुन्हा आहे. त्याआधी, २०१३ मध्येही, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका अपिलात याच न्यायालयाने शाळा, वसतिगृहे आणि बालगृहे यांच्या प्रमुखांना बजावले होते की असा प्रकार आढळल्यास गुप्तता राखून जवळच्या पोलिसांना कळवा.

या निकालांच्या शेजारी आणखी एक निकाल आहे, आणि तो झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २०१८ मध्ये केरळातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने काही डॉक्टरांना आरोपांतून मुक्त केले. प्रसूतीसाठी आलेल्या मुलीचे वय अठरा सांगितले गेले होते. न्यायालय म्हणाले की कलम १९ मध्ये ‘माहिती’ असा शब्द आहे. तपास करून माहिती मिळवण्याची सक्ती त्या कलमाने केलेली नाही. यातला अर्धा भाग माझ्या मुद्द्याला बळ देतो : तपास तुमच्याकडे नाही. उरलेला अर्धा भाग मात्र पळवाट होऊ शकतो. जो पाहतो, विचारतो, त्याला माहिती होते आणि त्याच्यावर जबाबदारी येते. जो मान वळवतो, त्याला काहीच माहीत नसते आणि तो मोकळा राहतो. न बघणाऱ्याला बक्षीस मिळावे अशीच ही रचना झाली. अळीमिळी गुपचिळी करून बसण्याची सवय शाळांना आधीच आहे. तिला कायद्याचा आधार मिळू नये.

यातून सुटायची वाट त्याच कलमात आहे, असे मला वाटते. तिथे घडलेल्या अपराधाच्या ‘माहिती’बरोबर घडू शकणाऱ्या अपराधाची ‘आशंका’ही आहे. मुलांवरचे अत्याचार बहुधा एकदाच होऊन थांबत नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे दरवर्षी तेच सांगतात : पॉक्सोच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. घरातला, शेजारचा, शिकवणीचा, नात्यातला. ओळखीचा माणूस उद्याही तिथेच असतो. मग काल काही घडले असावे अशी शंका ज्या शिक्षिकेला आली, तिला उद्या ते पुन्हा घडेल अशी आशंका असणारच. खबर देण्यासाठी कायद्याला एवढे पुरते. काल नेमके काय घडले ते सिद्ध करायची वाट पाहण्याची गरज उरत नाही.

या आकड्यांच्या उजेडात कॅमेऱ्यांबद्दलही एक शब्द. बदलापूरनंतर सगळ्यांनी पहिली मागणी केली ती सीसीटीव्हीची. असू द्यावेत, त्यांचा उपयोग आहे. पण कॅमेऱ्याला शंका येत नाही. ज्या मुलावर घरी अत्याचार होतो त्याचे शाळेतले चित्रण अगदी निर्दोष असते. त्या चित्रात जे दिसत नाही ते शिक्षकालाच दिसते : काल-परवापर्यंत बडबडणारे मूल एकाएकी गप्प झाले आहे, कोणी दिवसभर लघवीला जात नाही, कोणी वैशाखातही पूर्ण बाह्यांचा शर्ट काढत नाही, शाळा सुटली की कोणी फाटकापाशी रेंगाळते, कोणाच्या तोंडी त्याच्या वयाला न शोभणारे शब्द आले आहेत. यातले एकेक लक्षण घेतले तर ते कशाचेही असू शकते, आजारी आजीचे किंवा हरवलेल्या मांजराचेही. म्हणून ते लिहून ठेवायचे. साध्या वहीत, तारीख घालून, मुलाचे शब्द जसेच्या तसे. ‘मंगळवार, तिसरा तास. म्हणाली, काका रात्री येतात तेव्हा मला झोप येत नाही. मी विचारले, बरं, अजून काही सांगायचंय? नाही म्हणाली.’ इतकेच. ‘काकांनी तुला हात लावला का?’ हा प्रश्न बाईंनी विचारायचा नाही. तो विचारला की उत्तर मुलाचे राहत नाही, बाईंचे होते. चार ओळींची ही नोंद पुढे दहा पानी अहवालापेक्षा कामाची ठरते.

आता आक्षेपांकडे वळतो. सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप खोट्या तक्रारींचा. एका चुकीच्या शंकेने निरपराध शिक्षकाचे आयुष्य उद्ध्वस्त होईल, असे म्हणतात. ही भीती पोकळ नाही. पण तिच्यावर उपाय म्हणून सुचवले जाते ते काय? आधी शाळेने खात्री करावी. आणि शाळेची खात्री म्हणजे पुन्हा तीच सोमवारची बैठक. निरपराध माणसालासुद्धा तिथे न्याय मिळत नाही. त्याला वकील नसतो, नियम नसतात, आणि दुपारपर्यंत गावभर होते. खबर पोलिसांच्या वहीत नोंद क्रमांकासह गेली तर निदान चौकशीला काही शिस्त असते. शिवाय खबर देणे म्हणजे आरोप करणे नव्हे. ‘मी हे ऐकले, हे पाहिले’ एवढेच सांगायचे असते. सद्‌भावनेने दिलेल्या खबरीबद्दल दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, असे कलम १९ मध्येच लिहिले आहे. शिक्षा आहे ती द्वेषाने, बदनाम करण्यासाठी खोटी तक्रार करणाऱ्याला. चूक आणि खोटेपणा यांतला फरक कायदा ओळखतो.

दुसरा आक्षेप शाळेच्या आणि मुलीच्या अब्रूचा. मुलीच्या अब्रूपुरते त्याचे उत्तर कायद्यात आहे : मुलाची ओळख उघड करणाऱ्या प्रसारमाध्यमाला किमान सहा महिन्यांची कैद होऊ शकते, आणि त्या ओळखीत शाळेचे नावही मोडते. शाळेच्या अब्रूबद्दल मी फार वेळ घालवणार नाही. मुलीच्या आईवडिलांना बोलावून शाळा सोडल्याचा दाखला हातात देणे आणि त्या सरांची दुसऱ्या शाळेत बदली करणे, ही आपल्याकडची अब्रू राखण्याची जुनी रीत आहे. ‘घरातली बाब घरात राहू द्या’ हे म्हणणेही नवे नाही. १८९१ मध्ये संमतिवय दहावरून बारा वर्षांवर नेणाऱ्या कायद्याला याच महाराष्ट्रात मोठा विरोध झाला, आणि सरकारने आमच्या घरात शिरू नये हेच त्या विरोधाचे सूत्र होते. लोकमान्य टिळकही त्या विरोधकांत होते. वाद ज्यांनी घातला ते मोठे होते, पण दहा वर्षांच्या मुलीचे काय, या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. मूल विश्वासाने सांगते आणि म्हणते, ‘बाई, कुणाला सांगू नका.’ बाईंनी सांगितले तर ते पुन्हा कधी तोंड उघडणार नाही. आणि ही बातमी इतर मुलांत पसरली तर तीही सांगायची थांबतील. सक्तीच्या खबरीमुळे मौन वाढते, असे या कायद्याचे काही समंजस टीकाकारही म्हणतात. सोळा-सतरा वर्षांच्या मुला-मुलीच्या आपखुशीच्या संबंधांत तर ही अडचण खरीच आहे. अठराखालची प्रत्येक गोष्ट अपराध ठरते, म्हणून गरोदर मुलगी दवाखान्यात जायला घाबरते. सर्वोच्च न्यायालयानेही सप्टेंबर २०२२ मध्ये ही अडचण मान्य केली, आणि गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीचे नाव डॉक्टरांनी खबरीत उघड करण्याची गरज नाही, असे ठरवले. शिक्षकांनाही त्या वयोगटाबाबत काही मोकळीक कायद्यात यायला हवी, असे माझे मत आहे. पण दहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हा आक्षेप टिकत नाही. तिथे बाईंनी ‘नाही सांगत’ असे वचनच द्यायचे नाही. ‘तुला मदत करणाऱ्या माणसांना मला सांगावं लागेल, पण वर्गात कुणाला कळणार नाही’, असे पहिल्याच वाक्यात सांगता येते. मोठ्यांनी आपल्यासाठी काही केले नाही, हे कळल्यावर मूल जितके गप्प होते तितके खबर दिल्याने होत नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये तेरा राज्यांत, महाराष्ट्र आणि गोवा धरून, १२ हजारांहून अधिक मुलांशी बोलून एक पाहणी प्रसिद्ध केली. त्यातल्या ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले, आणि बहुतेकांनी तोवर ते कोणाजवळही बोलून दाखवले नव्हते. ही पाहणी पॉक्सोच्या आधीची आहे. म्हणजे खबरीची सक्ती देशभर नव्हती तेव्हाही मुले गप्पच होती.

गोव्याचा उल्लेख आला म्हणून सांगतो. देशाचा कायदा यायच्या नऊ वर्षे आधी, २००३ मध्ये, त्या लहान राज्याने स्वतःचा बालक कायदा केला आणि स्वतंत्र बाल न्यायालय दिले. फोटो धुऊन देणाऱ्या स्टुडिओवाल्याला फिल्ममध्ये मुलांची अश्लील चित्रे दिसली तर त्याने पोलिसांना कळवावे, असे कर्तव्य त्यात घातले होते. रसायनाच्या ताटलीत कागद हलवणाऱ्या माणसाकडून जी अपेक्षा तिथे झाली, ती दिवसाचे सहा तास मुलांसमोर उभ्या असणाऱ्या माणसाकडून करायला आपल्याला जड का जावे?

जड जाते याचे एक कारण पोलीस ठाण्याच्या बाकावर आहे. बदलापुरात पालकांना ठाण्यात तासन्‌तास ताटकळावे लागल्याच्या तक्रारी झाल्या आणि पोलिसांवर निलंबनाची कारवाई झाली. अशा ठाण्यात एकटी शिक्षिका गेली तर तिचे कोण ऐकणार? खबरीला नोंद क्रमांक द्यायचा, ती लिहून घ्यायची, देणाऱ्याला वाचून दाखवायची, हे पोलिसांवर बंधनकारक आहे, आणि नोंद न करणाराही त्याच २१ व्या कलमाखाली दोषी ठरतो. हे वाक्य शिक्षकांना पाठ असायला हवे. क्रमांक मागणाऱ्या माणसाला परत पाठवणे कठीण जाते. चोवीस तासांत पोलिसांनी बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचे असते. म्हणजे पोलीस ठाणे हा या वाटेवरचा शेवटचा मुक्काम नाही.

दुसरे कारण शाळेतच आहे, आणि त्याबाबत कायदा अपुरा आहे असे मी स्पष्ट म्हणतो. सद्‌भावनेच्या खबरीला असलेले संरक्षण कोर्टातल्या दाव्यापासून वाचवते; संस्थाचालकांच्या रागापासून नाही. खासगी शाळेतला शिक्षणसेवक, तासिका तत्त्वावरची बाई, कंत्राटी मावशी यांची नोकरी ज्याच्या हातात असते, त्याच्याच भाच्याविरुद्ध खबर द्यायची वेळ आली तर? वर्गात सर्वांत आधी पाहणारी ही माणसे नोकरीच्या दृष्टीने सर्वांत दुबळी आहेत. खबर दिल्यानंतर ठरावीक काळ, निदान खटला सुरू होईपर्यंत, शिक्षणाधिकाऱ्यांच्या लेखी मंजुरीशिवाय त्या व्यक्तीला काढता वा हलवता येऊ नये, असा नियम राज्य सरकारला करता येईल. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा आपल्याकडे आहेच. त्याच्या नियमांत एवढी भर घालायला दिल्लीकडे पाहण्याची गरज नाही.

शेवटी हयगयीबद्दल. पॉक्सो फक्त लैंगिक अपराधांपुरता आहे. मारझोड, उपाशी ठेवणे, आजारी मुलाकडे न बघणे यांसाठी २०१५ चा बाल न्याय कायदा आहे. त्यात क्रूरतेला शिक्षा आहे. एकटे सापडलेल्या वा टाकून दिलेल्या मुलाबद्दल चोवीस तासांत कळवण्याचे बंधन आहे. पण घरात राहून हयगय सोसणाऱ्या मुलाबद्दल शिक्षकावर तसे थेट बंधन नाही. ते असावे का? मी थोडा थबकतो. बीडमधले नवरा-बायको दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि पोरगी म्हाताऱ्या आजीपाशी राहते. तिचे डोके विंचरलेले नसते, सोमवारी ती खिचडी दुसऱ्यांदा मागते, डिसेंबरात तिच्या नावापुढे हजेरीपटावर गैरहजेरीची रांग लागते. ही हयगय आहे, आणि ही गरिबीही आहे. पोलिसांना खबर दिली तर आईवडिलांना गुन्हेगार ठरवल्यासारखे होईल. पण म्हणून गप्प राहणेही बरोबर नाही, कारण गैरहजेरीच्या याच रांगेच्या शेवटी मराठवाड्यात पुष्कळदा बालविवाह उभा असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांची लग्ने अठरा वर्षांआधी झालेली आढळली. इथे खबर बालकल्याण समितीला द्यावी, १०९८ वर द्यावी, आणि लग्नाची कुणकुण लागली तर ग्रामसेवकाला, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याला, कारण गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तोच आहे. समितीकडून शिक्षाच येते असेही नाही. राज्याच्या बालसंगोपन योजनेत नातेवाइकांकडे राहणाऱ्या पात्र मुलामागे महिना २,२५० रुपये मिळतात. आजीपर्यंत ते पोचायचे तर कोणीतरी अर्ज भरायला लागतो. स्थलांतरित मुलांना शाळेत टिकवण्यासाठी बालरक्षक म्हणून काम करणाऱ्या शिक्षकांनी अशी धडपड केलेली आहे. म्हणजे शंका ओळखणारी नजर आपल्याकडे नाही, असे नाही. ती हजेरीपटापर्यंत जाते आणि तिथे थांबते.

शिक्षकांवर आधीच निवडणुका, जनगणना, ऑनलाइन माहितीचे तक्ते यांचे ओझे आहे, त्यात हे आणखी एक, असे कोणी म्हणेल. पण मी नवे काम सांगत नाही. उलट एक काम कमी करायला सांगतो आहे : चौकशीचे. नोंद चार ओळींची आणि खबर एका फेरीची. शाळेच्या दर्शनी भिंतीवर सुविचार लिहितात त्या फळ्यावर १०९८, ११२ आणि स्थानिक पोलीस ठाण्याचा क्रमांक कायम लिहिलेला असावा, आणि जूनच्या पहिल्या शिक्षकसभेत मावशी-शिपायांना धरून सगळ्यांसमोर कलम १९ वाचले जावे, एवढी विनंती इथे बसलेल्या शिक्षकांना आणि संस्थाचालकांना करतो.

ते वाचताना कलम २१ चे तिसरे पोटकलमही वाचावे. खबर न दिल्याच्या शिक्षेतून तिथे एकालाच सूट दिलेली आहे, आणि ती मुलाला.